नवजात बाळाच्या कानाच्या टेस्टमध्ये 'रेफर' आलं? मग डिस्चार्जच्या आधीच हे करा

माझ्या पुतणीच्या कागदावर डाव्या कानासमोर 'रेफर' लिहून होतं न घरच्या सगळ्यांना वाटलं दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवून राहिले, समजावून सांगायला कोणी थांबलंच नाही. तर आधी हे डोक्यात घ्या, रेफर म्हणजे बाळ बहिरं असं नाही, मशीनला त्या कानातून नीट उत्तर मिळालं नाही एवढंच. पहिल्या एकदोन दिवसात कानात चिकटा नाहीतर पाणी असलं तरी असं येते. पण परत टेस्ट केल्याशिवाय खरं कळत नाही, न गाडं इथंच अडते.

त्यातही सगळ्यांचं सारखं अडत नाही. नागपुरातल्या रामदासपेठेतले पैसेवाले लोक गाडी काढतात न जातात. गडचिरोलीतल्या एटापल्लीहून नागपूरला बाळंतपणाला आलेली बाई इथून सरळ माहेरी जाते, फाईलवर नंबर नवऱ्याचा, न एका चकरेत त्याची रोजी बुडते. अमेरिकेतही गरिबांची न खेड्यातली बाळंच दुसऱ्या टेस्टला जास्त सुटतात, म्हणजे बाईचा आळस वगैरे काही नाही.

म्हणून पुढची तारीख न ओपीडीचं नाव तिथंच लिहून घ्या, दोन नंबर द्या, त्यातला एक माहेरचा. कागदाचा फोटो काढून गावच्या आशाताईला दाखवा, ती 42 व्या दिवसापर्यंत घरी येतेच. हिशोब सोपा आहे, जन्मापासून 1 महिन्यात स्क्रीनिंग म्हणजे ही प्राथमिक टेस्ट, 3 महिन्यांत पक्कं निदान, 6 महिन्यांत गरज असली तर कानाचं मशीन न थेरपी सुरू. आजी थाळी वाजवून 'दचकते ना' म्हणेल, ते टेस्टमध्ये धरू नका. बाळ 5 दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) असलं तर नुसत्या ओएईवर, म्हणजे फक्त आतल्या कानाच्या टेस्टवर, भागवू नका, एबीआर मागा, म्हणजे कानाची नसही तपासणारी टेस्ट, हिलाच बेरा म्हणतात, कारण ओएई पास होऊनही कानाच्या नसेत गडबड असू शकते.

नागपुरात मेडिकलला जा, मेयोला जा (दोन्ही सरकारी दवाखाने) की प्रायव्हेटला, बेराला बाळ झोपलेलं लागते. लहान असलं की दूध पिऊन आपसूक झोपते, मोठं झालं की झोपेचं औषध द्यावं लागते, म्हणून उशीर नको. बसमध्ये झोपू देऊ नका, तिथं पोचल्यावर पाजा. आणि टाळूला तेल, कपाळाला काजळाची तीट त्या दिवशी अजिबात नाही, वायरी तिथंच चिकटवतात. आमच्याकडे आजीनं सकाळीच वाटीभर तेल जिरवलं होतं, पुसता पुसता बाळ टक्क जागं झालं न तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.