घरगुती पीसीबी: डिझाइन करतानाच या चुका टाळा

घरी बनवलेला पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा छापील बोर्ड, बिघडला की खापर फेरिक क्लोराइडवर (नको असलेलं तांबं विरघळवणाऱ्या द्रावणावर) नाहीतर सोल्डरिंग आयर्नवर फुटतं. खरी चूक बहुधा त्याआधीच, कॉम्प्युटरवर ट्रॅक (तारांचं काम करणाऱ्या तांब्याच्या रेघा) ओढताना झालेली असते. सॉफ्टवेअरमधली मूळ मापं कारखान्यात बनणाऱ्या, सोल्डर मास्क (सोल्डर चिकटू न देणारा थर) असलेल्या बोर्डांसाठी असतात. ती तशीच ठेवू नका.

टोनर ट्रान्सफरमध्ये, म्हणजे लेझर प्रिंटचा टोनर कागदावरून तांब्यावर उतरवण्याच्या पद्धतीत, ०.२५ मिमीचा ट्रॅक हमखास दगा देतो. टोनरच्या थरात बारीक छिद्रं राहतात, आणि द्रावण टोनरखालचं तांबं कडेनेही खातं. सिग्नलसाठी ०.८ ते १ मिमी आणि सप्लायसाठी २ मिमी रुंदी घ्या. दोन ट्रॅकमधलं अंतर किमान ०.५ मिमी हवं. आयसीच्या दोन पायांमधून ट्रॅक नेण्याचा मोह टाळा, त्यापेक्षा ट्रॅकवरून उडी मारणारी एक जंपर वायर टाका. बोर्डावर चार जंपर दिसले तर त्यात कमीपणा काहीच नाही.

सगळ्यात जास्त त्रास लहान पॅड, म्हणजे पाय सोल्डर करायचे भोकाभोवतीचे तांब्याचे ठिपके, देतात. ०.८ मिमीचं भोक आणि १.६ मिमीचा गोल पॅड म्हणजे भोवती जेमतेम ०.४ मिमी तांबं. हाताने ड्रिल करताना बिट थोडा सरकला की कडं तुटतं, आणि सोल्डरला धरायला जागाच उरत नाही. रेझिस्टरला २ ते २.२ मिमीचा पॅड द्या. आयसीसाठी किकॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमधले ‘लाँगपॅड्स’ फुटप्रिंट (पॅडचे तयार आराखडे) वापरा: पॅड २.४ × १.६ मिमीचे असल्याने शेजारच्या पॅडपासून ०.९ मिमी अंतर राहतं. छपाईत प्रत्येक पॅडच्या मध्यभागी ०.४ मिमीचा ठिपका कोरा सोडा. तिथलं तांबं विरघळून खळगा होतो आणि ड्रिलचं टोक त्यात बरोबर बसतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तपकिरी फिनॉलिक बोर्ड घेतला असेल तर पॅड आणखी मोठे ठेवा; जास्त उष्णतेने त्यावरचं तांबं लवकर सुटतं.

रिकामी जागा ग्राउंडला जोडलेल्या तांब्याने भरा. विरघळवायचं तांबं कमी, म्हणून द्रावण आणि वेळ दोन्ही वाचतात. मात्र ग्राउंड आणि ट्रॅक यांत ०.८ मिमी अंतर ठेवा. मास्क नसल्याने त्याहून अरुंद फटीत सोल्डर सहज पूल बांधतो. पॅड ग्राउंडला सलग जोडू नका, थर्मल रिलीफच्या, म्हणजे उष्णता पसरू न देणाऱ्या, चार अरुंद पट्ट्यांनी जोडा. नाहीतर सगळी उष्णता तांबं शोषून घेतं आणि जोड कोरडा राहतो.

खालचा कॉपर लेअर टोनर ट्रान्सफरसाठी मिरर न करता छापा. तांब्यात एखादं अक्षर ठेवा: कागदावर उलटं दिसलं तर बोर्डावर सुलटं उमटेल. झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ बंद करून १०० टक्क्यांवर लेझर प्रिंट काढायला सांगा आणि कागदावर प्रत्यक्ष आयसी ठेवून पाय जुळतात का ते बघा.

मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, उघडं तांबं लवकर काळवंडतं आणि त्यावर सोल्डर धरत नाही. म्हणून एचिंगनंतर (तांबं विरघळवून झाल्यावर) टोनर लगेच पुसू नका. आधी भोकं पाडा, मग अ‍ॅसिटोनने टोनर काढा आणि त्याच दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या राळेचा पातळ हात फिरवा. वाळल्यावर हा थर तांब्याला जपतो आणि सोल्डर करताना फ्लक्सचंही (सोल्डर नीट धरायला मदत करणाऱ्या पदार्थाचंही) काम करतो.