टन, किलोवॅट, बीटीयू: दूध कूलरच्या हिशेबातल्या या चुका टाळा

निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात टन म्हटलं की डोळ्यांसमोर ऊस येतो. काट्यावर गाडी चढली की हजार किलोला एक टन, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. दूध थंड करायच्या मशीनची चौकशी सुरू झाली की नेमका हाच टन घात करतो. गावच्या डेअरीत हजार लिटरचा बल्क कूलर (दूध थंड करून साठवायची टाकी) बसवायचा ठरतो आणि बैठकीत कोणीतरी म्हणतं, "अण्णा, हजार लिटर म्हणजे एक टन दूध. एक टनाचं मशीन बास झालं की!" सगळे माना डोलावतात. पुढे उन्हाळ्यात दूध नासतं, टँकर ते परत पाठवतो आणि पंधरवड्याच्या पगारात कपात होते ती ज्यांच्या घरी एक-दोन म्हशी आहेत त्यांची.

मशीनवरचा टन वजन सांगत नाही, उष्णता ओढण्याचा वेग सांगतो. हे माप अमेरिकेतल्या बर्फाच्या धंद्यातून आलं. 2000 पौंड, म्हणजे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो, तो वेग म्हणजे एक टन. आजच्या मापात तो तासाला 12,000 बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश माप), म्हणजेच 3.517 किलोवॅट, म्हणजेच तासाला 3024 किलोकॅलरी. हे तीन आकडे डेअरीच्या भिंतीवर रंगवून ठेवावेत असं मला मनापासून वाटतं. कोल्हापूरकडचं कोटेशन टनात येतं, बेंगळूरूकडचं किलोवॅटमध्ये, आणि जुन्या कॉम्प्रेसरच्या पाटीवर किलोकॅलरी असतात. तिन्ही एका मापात आणल्याशिवाय दरांची तुलना करण्यात अर्थ नाही.

"किती वेळात?" हे न विचारणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. हजार लिटर दूध साधारण 1030 किलो भरतं. एक किलो दूध एक अंशाने थंड करायला सुमारे 3.93 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. 35 अंशांवरून 4 अंशांवर आणायचं, म्हणजे 31 अंशांचा फरक. तिन्हींचा गुणाकार केला की सुमारे 1,25,500 किलोज्यूल होतात. त्याला 3600 ने भागलं की जवळजवळ 35 किलोवॅट-तास. ही झाली एकूण उष्णता. इथवर मशीनचा आकार ठरलेलाच नाही.

हे काम तीन तासांत उरकायचं तर 11.6 किलोवॅट, म्हणजे 3.3 टन लागतात. दिवसभरात उरकलं तरी चालेल असं धरलं तर अर्ध्या टनाहून कमी पुरेल, पण तोवर दुधाचं दही होईल. आता आपल्याकडची खरी अडचण बघा. तीन तासांत एक तास लाईट गेली आणि जनरेटर नसला, तर हातात दोनच तास उरतात आणि तेच काम 5 टनांचं होतं. म्हणून मशीन निवडताना थ्री फेज नेमकी किती वेळ टिकते ते आधी धरावं. एका वेळी टाकीत नवं दूध किती पडणार हेही कोटेशनवर लिहून घ्यावं. बऱ्याच टाक्यांचा हिशेब दोन वेळच्या संकलनावर बेतलेला असतो, म्हणजे एका वेळी निम्मीच टाकी भरणार असं धरलेलं असतं. एकाच वेळी टाकी भरणाऱ्या गावाला ते मशीन तोकडं पडतं.

बर्फाचंही तसंच. रोज एक टन बर्फ हवा म्हणून एक टनाचा प्लांट घेतला तर फसगत होते. 30 अंशांचं पाणी आधी शून्यावर आणावं लागतं, मग गोठवावं लागतं. हजार किलोसाठी दिवसभर प्लांट चालला तरी दीड टन लागतात, आणि भिंतींतून आत येणारी उष्णता त्याच्यावर वेगळी.

35 किलोवॅट-तास म्हणजे 35 यूनिट बिल नव्हे

हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, बिलातला यूनिट म्हणजे एक किलोवॅट-तास खरा, पण तो मशीनने खाल्लेल्या विजेचा. काढलेली उष्णता त्याहून जास्त असते. मशीन एका यूनिटमध्ये अडीच यूनिट उष्णता काढत असेल, तर वरच्या कामाला सुमारे 14 यूनिट लागतील. एचपीचा घोळही यातलाच. एक एचपी म्हणजे 0.746 किलोवॅट, आणि ती मोटरची ताकद. "पाच एचपी म्हणजे पाच टन" हे एसीच्या बाबतीत जवळपास जुळतं. दूध कूलरला जुळत नाही, कारण आतलं तापमान जितकं खाली, तितका तोच कॉम्प्रेसर कमी उष्णता ओढतो. कंडेन्सरवरचा, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरचा, आकडाही थंडाव्याचा समजू नका. त्यात दुधाची उष्णता आणि कॉम्प्रेसरची वीज दोन्ही मिळवलेल्या असतात.

बीटीयूत हिशेब करणारे आणखी एका ठिकाणी अडकतात. 31 अंशांचा फरक फॅरनहाइटमध्ये नेताना मोबाईल 87.8 दाखवतो. ते तापमान झालं. फरक हवा असेल तर नुसतं 1.8 ने गुणायचं, 32 मिळवायचे नाहीत. उत्तर 55.8 येतं. ही चूक झाली तर 3.3 टनांच्या जागी 5.2 टनांचं मशीन येतं, पैसे जास्त जातात आणि टाकीच्या तळाशी दूध गोठायला लागतं.

जपानी पाटीवरचा टन कधीकधी 3320 किलोकॅलरींचा असतो. आपल्या टनाहून तो दहा टक्क्यांनी मोठा.

मशीन आहे, पण दूध वेळेत थंड होत नाही

मेकॅनिकला बोलावण्याआधी हे करून बघा. ढवळणी चालू ठेवून तापमान घ्या, तासाभराने पुन्हा घ्या. समजा 500 लिटर दूध 34 वरून 27 वर आलं. 515 गुणिले 3.93 गुणिले 7, भागिले 3600, म्हणजे 3.9 किलोवॅट. टनात 1.1. पाटीवर 2 टन लिहिलेलं असेल तर निम्मा थंडावा कुठेतरी जातोय. दूध गरम असताना मशीनने पाटीइतकं तरी काम करायलाच हवं.

आधी कंडेन्सर बघा. तोडणीच्या हंगामात पाचट जाळल्याची काजळी जाळीत चिकटते आणि तिच्यावर कडब्याचा भुसा बसतो. बॅटरी लावून पलीकडून बघितलं तर उजेड आरपार येत नाही. ब्लोअरने किंवा पाण्याने, पंख्याची हवा जाते त्याच्या उलट दिशेने साफ करा. त्याआधी मेन स्विच बंद करा. मग व्होल्टेज बघा. गॅस सगळ्यात शेवटी, कारण एकदा गॅस भरायला सुरुवात झाली की खरं दुखणं झाकलं जातं. साफ केल्यावर पुन्हा मोजायचं ते तेवढ्याच लिटरवर आणि 34 अंशांपासूनच. 12 अंशांवरून 5 वर यायला लागणारा वेळ याच्याशी ताडून चालत नाही, दूध गार होत जाईल तसा मशीनचा वेगही उतरतो.