ब्लूटूथ स्कॅनरने हरवलेलं उपकरण कसं शोधायचं, कसं तपासायचं

बाबांचं उजव्या कानाचं श्रवणयंत्र एका संध्याकाळी सापडेना. करंगळीच्या पेराएवढी वस्तू. घर पालथं घातल्यावर लक्षात आलं, की ते ब्लूटूथचं आहे. बॅटरी आहे तोवर ते आपण इथे असल्याचे संदेश सोडत राहणार. याला ‘जाहिरात’ म्हणतात. ते पकडायला मोबाइल पुरतो. तेव्हा जे केलं ते सविस्तर लिहिते, कारण घड्याळ, इअरबड, हृदयगती मोजणारा छातीचा पट्टा, सगळ्यांना हीच रीत लागू पडते.

मी एनआरएफ कनेक्ट हे ॲप वापरते. नॉर्वेच्या नॉर्डिक सेमीकंडक्टर या चिप बनवणाऱ्या कंपनीचं आहे, मोफत आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. लाइटब्लूही चांगलं आहे. फोनच्या सेटिंगमधली ब्लूटूथची यादी मात्र या कामाची नाही, तिच्यात बरीच उपकरणं दिसतच नाहीत. अँड्रॉइड १२ पासून ॲप जवळपासच्या उपकरणांची परवानगी मागतं, ती द्या. ११ किंवा त्याआधीचा फोन असेल तर लोकेशन चालू ठेवा, नाहीतर यादी रिकामी राहते. आणि स्कॅनचं बटण सारखं दाबू नका. ३० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा स्कॅन सुरू केला तर अँड्रॉइड काही न सांगता निकाल द्यायचं थांबवतं.

पहिल्याच स्कॅनला तीसेक ओळी आल्या आणि बहुतेकांना नावच नव्हतं. त्यात बिघाड काही नाही. जुन्या पद्धतीच्या जाहिरात-संदेशात माहितीला ३१ बाइट जागा असते, त्यात नाव घालायलाच हवं असं नाही. पत्त्याचाही, म्हणजे उपकरणाच्या ब्लूटूथ ओळख-क्रमांकाचाही, भरवसा नाही: फोन आणि घड्याळं माग काढता येऊ नये म्हणून साधारण दर १५ मिनिटांनी पत्ता बदलतात, आणि आयफोनवर ॲपला खरा पत्ता मिळतच नाही. ओळीवर टिचकी मारली की आत उत्पादकाचा क्रमांक दिसतो. ००४सी म्हणजे ॲपल, ००७५ सॅमसंग, ०००६ मायक्रोसॉफ्ट. शोधायची वस्तू यांची नसेल तर एवढ्याने अर्धी यादी बाजूला पडते.

आता मुख्य अडचण. डावं यंत्र माझ्या हातात होतं, तरी यादीत नव्हतं! कारण ते बाबांच्या फोनला जोडलेलं होतं, आणि अशी बरीच उपकरणं एकदा जोडली गेली की जाहिरात थांबवतात. हे ठाऊक नसल्याने कितीजण तासभर रिकामी यादी बघत बसत असतील. बाबांच्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं आणि मिनिटभरात एकसारख्या दोन ओळी उगवल्या. एक उणे ४५, दुसरी उणे ८८. डावं यंत्र डबीत ठेवून बंद केल्यावर पहिली ओळ थंडावली. म्हणजे दुसरी उजव्याची. तिच्यापुढची चांदणी दाबून ठेवली आणि बाकी ओळी फिल्टरने लपवल्या.

हा उणे आकडा म्हणजे सिग्नलची ताकद, डीबीएम या एककात. शून्याच्या जितका जवळ तितका जोरकस. दर १० ला शक्ती दहापट बदलते. उणे ४०-५० म्हणजे बहुधा हाताशी, उणे ९० म्हणजे लांब किंवा भिंतीपलीकडे. याचे मीटर करायला जाऊ नका. जाहिरात ३७, ३८ आणि ३९ या तीन चॅनेलवर आळीपाळीने जाते, लहरी भिंतींवरून परततात, त्यामुळे एका जागी बसूनही आकडा पाच-दहाने हलतो. दोन पावलं टाका, पाच-सात सेकंद थांबा, त्यातला सर्वांत चांगला आकडा धरा. दिशा हवी असेल तर फोन छातीशी धरून सावकाश गिरकी घ्या. शरीरातलं पाणी या लहरी शोषतं, म्हणून आकडा जिथे सर्वांत पडतो तिथे वस्तू पाठीमागे असण्याची शक्यता जास्त. मला याचाच सर्वांत उपयोग झाला. उणे ७०, ६१, ५२, आणि धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत, सदऱ्याच्या कॉलरमध्ये अडकलेलं यंत्र हाती लागलं.

मग ‘कनेक्ट’ दाबून त्याची तपासणी केली. आतल्या सेवांना ठरलेले क्रमांक असतात: १८०ए उपकरणाची माहिती, १८०एफ बॅटरी, १८०डी हृदयगती. बॅटरीखाली २ए१९ समोरचा खाली जाणारा बाण दाबला की मूल्य वाचलं जातं. कच्चा आकडा षोडशमान, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेला, असतो. मला १७ मिळाला, म्हणजे २३ टक्के. तीन बाणांचं चिन्ह दाबलं तर मूल्य बदलेल तसं येत राहतं. हृदयगतीचा पट्टा यावरच तपासतात, पण तो अंगावर असायला हवा. लांबलचक क्रमांकाच्या सेवा कंपनीच्या खासगी असतात, त्यांचा अर्थ बाहेरून लागत नाही. वर जाणारा बाण लिहिण्याचा आहे. काय लिहितो आहोत हे पक्कं माहीत असल्याशिवाय त्याला हात लावू नका.

दुसऱ्याच्या उपकरणाला जोडून बघू नका, हे मी कळकळीने सांगते. लहान उपकरणं बरेचदा एकच जोडणी घेतात. आपण आत शिरलो की मालक बाहेर राहतो. ते त्याचं श्रवणयंत्र किंवा आरोग्याचं यंत्र असू शकतं.

आपलंही काम झालं की आधी ‘डिस्कनेक्ट’ दाबा. मी विसरले होते, म्हणून बाबांच्या फोनचं ब्लूटूथ चालू करूनही उजवा कान जोडला जाईना. ॲपमधून जोडणी तोडली आणि दोन्ही कान लागले.