बेकनच्या चरबीत परतलेला कोबी
अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या घरांत मक्याच्या पावासोबत हा कोबी आवडीने खातात. चौघांसाठी १५० ग्रॅम बेकन (डुकराचं खारवलेलं, चरबीदार मांस), ७०० ग्रॅम कोबी, एक कांदा. बेकनचे पेराएवढे तुकडे थंड कढईतच टाका आणि आच मंद ठेवा. तापल्या कढईत ते बाहेरून करपतात, चरबी मात्र आतच राहते. आठ-दहा मिनिटांत कडा तांबूस होऊन आक्रसल्या की तुकडे काढा. दोन मोठे चमचे चरबी पुरे. तिच्यात कांदा, मग जाडसर चिरलेला कोबी मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं परता. धुतलेला कोबी आधी पूर्ण निथळायलाच हवा, नाहीतर वाफेवर शिजून लिबलिबीत होतो. झाकण तर नकोच. बेकन मुळात खारट, म्हणून मीठ शेवटी, चव बघून. मिरपूड, चमचाभर व्हिनेगर, वरून बेकन. लगेच वाढा.