ग्राफिटी आणि ओसाड मालमत्तांची तक्रार: या चुका टाळा

भिंतीवर रातोरात उमटलेल्या ग्राफिटीची किंवा वर्षानुवर्षे बंद असलेल्या घराची तक्रार नगर प्रशासनाकडे नोंदवणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. दूरध्वनी, संकेतस्थळ किंवा ॲप यांपैकी एखादी सोय बहुतेक मोठ्या शहरांत असते. कठीण असते ते त्या तक्रारीवरून प्रत्यक्ष काम होणे. तक्रार वाचणाऱ्या कर्मचाऱ्याने ती जागा पाहिलेली नसते आणि कामाला निघालेल्या पथकाची तक्रारदाराशी गाठ पडणार नसते. केवळ मजकूर आणि छायाचित्रे यांच्या आधारे जागा सापडली पाहिजे, दोष नेमका काय आहे ते कळले पाहिजे आणि काम कोणत्या विभागाचे हे ठरले पाहिजे.

जागा सांगताना होणारी चूक सर्वांत साधी आणि सर्वांत महाग पडणारी आहे. तक्रारदार रस्त्यात छायाचित्र काढतो, घरी येऊन तक्रार भरतो आणि ॲप मात्र त्याच्या घराचेच स्थान आपोआप घेते. जागेवरून तक्रार केली तरी उंच इमारतींच्या दाटीत फोनने दाखवलेले स्थान पलीकडच्या गल्लीत सरकू शकते, शिवाय ते स्थान तक्रारदार उभा होता तिथले असते, भिंतीचे नव्हे. म्हणून नकाशावरील खूण हाताने सरकवून योग्य जागी आणावी आणि सोबत शब्दांतही लिहावे: कोणत्या रस्त्यावर, कोणत्या दोन चौकांच्या मध्ये, भिंतीच्या कोणत्या बाजूला, जमिनीपासून साधारण किती उंचीवर. जवळच्या दिव्याच्या खांबावर क्रमांक असल्यास तो जरूर द्यावा. भुयारी मार्ग आणि उड्डाणपुलाखालची जागा यांबाबत हे वर्णन अधिकच आवश्यक ठरते, कारण नकाशावर वरचा आणि खालचा रस्ता एकाच बिंदूवर दिसतो.

छायाचित्रे किमान दोन हवीत. एक दुरून काढलेले, ज्यात आजूबाजूच्या ओळखीच्या खुणा दिसतील, आणि दुसरे जवळून, ज्यात रंगाचा प्रकार आणि भिंतीचा पृष्ठभाग स्पष्ट दिसेल. दगड, वीट, धातू आणि रंगवलेला गिलावा यांवरील रंग काढण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असल्याने दुसरे छायाचित्र पथकाला खरोखर उपयोगी पडते. मेसेजिंग ॲपवरून फिरून आलेले छायाचित्र शक्यतो जोडू नये. अशा प्रवासात त्याची स्पष्टता कमी होते आणि स्थान व वेळेची अंतर्गत नोंदही बहुधा पुसली जाते. हीच छायाचित्रे संतापाच्या भरात समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह मात्र आवरावा. आपले टोपणनाव भिंतीभिंतीवर रंगवणाऱ्याला हवी असते ती प्रसिद्धीच, आणि ती आपण फुकट मिळवून देतो.

भिंत कोणाची आहे हे न पाहता केलेली तक्रार विभागाविभागांत फिरत राहते. रेल्वेचा पूल, विजेचा पेटारा, दूरसंचार कंपनीचा खांब आणि खासगी इमारत यांची जबाबदारी वेगवेगळ्या हातांत असते. खासगी भिंतीला हात लावण्यासाठी प्रशासनाला सहसा मालकाची संमती घ्यावी लागते किंवा त्याला नोटीस बजावावी लागते, त्यामुळे तिथे विलंब होणार हे गृहीत धरावे. भिंतीवरचे चित्र मालकाच्या परवानगीने काढलेले तर नाही ना, याचीही आधी चौकशी केलेली बरी.

तक्रार लांबणीवर टाकू नये, कारण ताजा रंग काढणे तुलनेने सोपे असते आणि खराब भिंत इतरांच्या वागण्यावरही परिणाम करते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी सायकली लावण्याच्या एका गल्लीत केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. भिंत स्वच्छ असताना सायकलीच्या हँडलला अडकवलेले पत्रक ३३ टक्के लोकांनी खाली टाकले. त्याच भिंतीवर ग्राफिटी असताना हे प्रमाण ६९ टक्के झाले. अर्थात घाई म्हणजे स्वतःच ब्रश घेऊन धावणे नव्हे. जोरदार पाण्याचा फवारा किंवा खरवडणारी पूड मऊ दगडाचा आणि जुन्या विटांचा पृष्ठभागच उखडते, तर चुकीच्या द्रावकाने रंग सच्छिद्र दगडात आणखी खोल जातो. मजकूर धमकीचा किंवा एखाद्या समाजाविषयी द्वेष पसरवणारा असेल, तर तो पुसण्यापूर्वी छायाचित्र घेऊन आधी पोलिसांना कळवावे.

ओसाड मालमत्तेचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे असते. ‘हे घर कित्येक वर्षे बंद असून परिसराला कलंक आहे’ असे लिहिणाऱ्याची चीड समजण्यासारखी आहे, पण घर रिकामे असणे हा सामान्यतः नियमभंग नसतो. निरीक्षकाला कारवाईसाठी डोळ्यांना दिसणारा ठोस दोष लागतो: उघडे राहिलेले दार, कललेली कुंपणभिंत, साचलेला कचरा, उंदरांची बिळे, रस्त्यावर आलेली झुडपे. प्रत्येक दोष वेगळ्या वाक्यात, तो प्रथम कधी दिसला त्या तारखेसह लिहावा. हे सारे रस्त्यावरून किंवा आपल्या हद्दीतून जेवढे दिसते तेवढेच टिपावे. पुरावा मिळवण्यासाठी आत शिरणे हा अतिक्रमणाचा गुन्हा ठरू शकतो आणि कुजलेली जमीन पायाखालून खचण्याचा धोका वेगळाच. आत कोणी आश्रयाला राहत असल्यास त्या व्यक्तीविषयी तर्क न लढवता फक्त दिसलेले तेवढे नोंदवावे.

सगळे दोष एकाच तक्रारीत कोंबले, तर कचरा उचलला जाताच तक्रार बंद होते आणि कललेली भिंत तशीच राहते. साचलेल्या पाण्याची तक्रार आरोग्य विभागाकडे स्वतंत्रपणे करावी. उष्ण हवेत डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात, तर मालकाचा शोध, नोटीस, मुदत आणि फेरतपासणी यांत महिने जाऊ शकतात. वारसांचा वाद असल्यास त्याहूनही अधिक. कोसळू पाहणारी भिंत किंवा उघडी वीजतार मात्र ॲपवर नोंदवून थांबू नये, थेट आपत्कालीन क्रमांकावर कळवावी.

तक्रार ‘बंद’ झाल्याचा संदेश आला की काम झाले असे मानणे किंवा त्याच क्षणी भडकणे, दोन्ही चुकीचे आहे. पाहणी झाली, नोटीस पाठवली, दुसऱ्या विभागाकडे वर्ग केली, जागा सापडली नाही, यांपैकी कोणत्याही कारणाने तो संदेश येऊ शकतो. आधी शेरा वाचावा. जागा सापडली नसल्यास नव्या खुणांसह, आणि वर्ग केली असल्यास त्या विभागाचा नवा क्रमांक मागून पाठपुरावा करावा. जुना तक्रार क्रमांक व ताजे छायाचित्र प्रत्येक वेळी जोडावे. निनावी तक्रारीत ही सोय बहुधा उरत नाही, म्हणून किमान संपर्काचा तपशील द्यावा, मात्र तो वर्णनाच्या रकान्यात लिहू नये, कारण काही ठिकाणी तो मजकूर सर्वांना दिसतो. साफ केलेल्या भिंतीवर पुन्हा रंग दिसला, तर जुनी तक्रार उकरून न काढता नवी नोंदवावी आणि तिच्यात आधीच्या सफाईची तारीख लिहावी. वारंवार रंगवल्या जाणाऱ्या भिंतीला संरक्षक लेप द्यायचा की तिथे दिवा लावायचा, हे ठरवताना त्या तारखांचा उपयोग होतो.