मेंदूच्या गाठीचा प्रोटीन रिपोर्ट : या चुका टाळा

मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालं की काही दिवसांनी नातेवाइकांच्या हातात एक कागद पडतो. त्यावर आयडीएच-१, एटीआरएक्स, पी-५३, केआय-६७ अशी नावं असतात आणि पुढे पॉझिटिव्ह, निगेटिव्ह किंवा टक्के. ही गाठीच्या पेशींमधली प्रोटीन्स. प्रत्येकाची वेगळी अँटिबॉडी लावून, रंग चढवून पॅथॉलॉजिस्ट ती सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. या तपासणीला आयएचसी म्हणतात. गाठ कुठल्या जातीची, पुढे कशी वागेल, कोणतं औषध लागू पडेल, याचा अंदाज त्यावरून येतो. पण तो अंदाज काढलेल्या तुकड्याइतकाच खरा असतो.

तुकडा सलाइनमध्ये ठेवणे. आपल्याकडे लहान दवाखान्यातून बायोप्सीची बाटली बऱ्याचदा नातेवाइकाच्याच हाती देतात आणि लॅब दुसऱ्या गावात असते. बाटली घेतानाच विचारा, ‘यात फॉर्मॅलिनच (तुकडा टिकवणारं द्रव) आहे ना?’ तुकडा साध्या सलाइनमध्ये रात्रभर राहिला तर पेशी सडायला लागतात, प्रोटीन खराब होतं आणि रंग चढत नाही. मग रिपोर्ट निगेटिव्ह येतो, तोही खोटा. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, तेही तुकड्याच्या निदान दहापट, आणि साधारण ६ ते ७२ तास, हे गणित सांभाळायला हवं. झाकण उघडून बघू नका, डोळे चुरचुरतात. बाटलीवर रुग्णाचं नाव आणि तारीख आहे की नाही, ते मात्र नक्की बघा.

कागद नेला, ब्लॉक विसरला. सगळ्यात जास्त हेलपाटे याच चुकीमुळे होतात. लॅब तुकडा मेणात बसवून ब्लॉक करते आणि त्याचे पातळ काप स्लाइडवर घेते. मुंबईचे डॉक्टर नुसत्या कागदावर उपचार ठरवत नाहीत, त्यांच्या पॅथॉलॉजिस्टला गाठ पुन्हा तपासायची असते. नवी तपासणी करायची तर ब्लॉकच लागतो, रंगवलेल्या जुन्या स्लाइडवर भागत नाही. भुसावळहून रात्रीची गाडी धरून दादरला उतरलेला माणूस केवळ ब्लॉकपायी परत फिरतो, तेव्हा रेडिएशन तेवढंच लांबतं. म्हणून निघण्यापूर्वी लॅबला अर्ज द्या, ब्लॉक घ्या आणि त्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळवून पाहा. आपल्याकडच्या मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर अजिबात ठेवू नका. काचेमागच्या उन्हात मेण मऊ पडतं. लहान डबीत घालून हातातल्या पिशवीत ठेवा, फ्रिजची गरज नाही.

‘आयडीएच निगेटिव्ह’ हा शेवटचा शब्द समजणे. नेहमीची अँटिबॉडी आयडीएच-१ मधला आर१३२एच हा एकच बदल पकडते. आयडीएच बदललेल्या ग्लायोमांपैकी (मेंदूच्या आधार-पेशींसारख्या पेशींच्या गाठी) सुमारे ९० टक्क्यांत तोच असतो, बाकीचे हातून निसटतात. म्हणून रुग्ण ५५ वर्षांच्या आतला असेल आणि आयएचसी निगेटिव्ह असेल, तर जनुक-तपासणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. यावर गाठीचं नाव ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार प्रौढांमध्ये आयडीएच बदललेल्या गाठीला ग्लिओब्लास्टोमा (ग्लायोमाचा सगळ्यात आक्रमक प्रकार) म्हणत नाहीत. ग्रेड ४, म्हणजे सगळ्यात वरची, असली तरी ती अॅस्ट्रोसायटोमा हा दुसरा प्रकार, आणि तिचे रुग्ण सरासरीने जास्त जगतात.

एटीआरएक्सचं उलट आहे. तिथे प्रोटीन नाहीसं होणं हीच खूण असते. आयडीएच पॉझिटिव्ह आणि एटीआरएक्स गेलेलं, तर अॅस्ट्रोसायटोमा. एटीआरएक्स शाबूत असेल तर १पी/१९क्यू तपासणी (गुणसूत्रांचे हे दोन भाग गळालेत का, ते बघणारी) करून घ्यावी, कारण त्यातून ऑलिगोडेंड्रोग्लायोमा हा तिसरा प्रकार निघू शकतो आणि त्याचं भवितव्य या तिघांत सगळ्यात चांगलं.

केआय-६७ चे टक्के घेऊन घाबरणे. किती पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत, एवढंच हा आकडा सांगतो. कापसाचं शेत कुठे दाट, कुठे विरळ असतं, तशीच गाठ. कोणता भाग मोजला त्यावर टक्के बदलतात, लॅबगणिकही बदलतात. एका लॅबचे ८ आणि दुसरीचे १५ म्हणजे गाठ वाढली, असं धरू नका.

एमजीएमटी आयएचसीवर विसंबणे. टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध कितपत लागू पडेल, हे बघायला एमजीएमटी या डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रोटीनच्या जनुकाची मिथायलेशन तपासणी (रासायनिक खुणेने ते बंद पडलंय का, ही) लागते. नुसत्या प्रोटीनच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड घेतलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णांचं मध्यक (मीडियन) आयुष्य मिथायलेशन असलेल्यांत २१.७ महिने, नसलेल्यांत १२.७ महिने होतं.

हे ऐकून मुलगा विचारतोच, ‘डॉक्टर, आबाना कितला दिन शेतस?’ म्हणजे वडिलांचे किती दिवस उरलेत? त्याला नीट समजावून सांगायला हवं. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. आबांचं वय, गाठ किती निघाली, ते स्वतः चालतात-जेवतात का, हे सगळं त्या आकड्याबाहेर राहतं. एका प्रोटीनवरून कुणाची तारीख काढू नये, आणि त्या भीतीने उपचार सोडून घरी तर मुळीच बसू नये.

रक्तातल्या जीएफएपी या मेंदूतल्या प्रोटीनच्या चाचणीवर गाठीसाठी सध्या पैसे घालवू नका. ती वापरात आली ती डोक्याला मार लागलेल्यांसाठी.

उपचार संपले तरी ब्लॉक परत मागून घ्या आणि रिपोर्टसोबत जपून ठेवा. ऑपरेशननंतरच्या ग्रेड २ आयडीएच-बदललेल्या गाठींसाठी व्होरासिडेनिब या गोळीला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ज्यांचं ऑपरेशन कितीतरी वर्षांपूर्वी झालं आणि आयडीएच कधी तपासलंच नाही, त्यांची ती तपासणी जुन्या ब्लॉकवर आजही करता येते.