कॉम्प्युटर ठणठणीत दिसतोय? तरीही एकदा आतून तपासा

"आमचा पीसी तर मस्त चालतो, त्यात कुठला व्हायरस?" असं म्हणणाऱ्या घरांचीच मला जास्त काळजी वाटते. 'डीएनएस चेंजर' नावाचं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, शंभरहून अधिक देशांतल्या सुमारे 40 लाख कॉम्प्युटरमध्ये होतं. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी इंटरनेटची डिरेक्टरी. हे मालवेअर त्यासाठी कॉम्प्युटरला चोरांच्या सर्व्हरकडे वळवायचं. त्यामागची टोळी 2011 मध्ये पकडली गेली. बाधित मशीनचं इंटरनेट तुटू नये म्हणून एफबीआयने त्या जागी चालू ठेवलेले तात्पुरते सर्व्हर 9 जुलै 2012 रोजी बंद होणार होते. इंटरनेट बंद पडेल असा इशारा मिळाला, तेव्हा कुठे अनेकांना आपलं मशीन बाधित असल्याचा पत्ता लागला.

आता इन्फोस्टीलर येतात. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज (तुम्ही लॉग-इन आहात हे वेबसाइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) उचलायच्या, बाहेर पाठवायच्या, एवढंच त्यांचं काम. ते मिनिटांत उरकतं आणि बरेचसे नंतर स्वतःला पुसूनही टाकतात. मशीन मंदावणार तरी कशाला?

विंडोज असेल तर सुरुवात 'विंडोज सिक्युरिटी'पासून करा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' उघडा आणि अगदी खाली 'एक्सक्लुजन्स' पाहा. इथल्या फाइल आणि फोल्डर अँटिव्हायरस तपासतच नाही. यादी सहसा रिकामी असते. तिथे आख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्स फोल्डर दिसला आणि तो घरातल्या कुणी टाकलेला नसेल, तर धोका समजा आणि काढून टाका. क्रॅक केलेला गेम, फुकटचं विंडोज अ‍ॅक्टिव्हेटर, मराठी टायपिंगचं चोरीचं सॉफ्टवेअर: "आधी अँटिव्हायरस बंद करा" ही सूचना बहुतेक अशांसोबतच येते.

मग 'स्कॅन ऑप्शन्स'मधून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन निवडा. उघडलेलं काम आधी सेव्ह करा, कारण मशीन रीस्टार्ट होतं. विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होत असल्याने लपून बसणाऱ्यांना आडोसा मिळत नाही. पंधराएक मिनिटं लागतात. निकाल 'प्रोटेक्शन हिस्टरी'त दिसतो.

पुढे ब्राउझरची एक्स्टेंशन्स, म्हणजे त्याला जोडलेली छोटी जादा सॉफ्टवेअर. घरातल्या प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं उघडून पाहा. ज्याचं काम कुणालाच सांगता येत नाही, ते काढा. राउटरमध्ये अनोळखी डीएनएस पत्ता नाही ना, हे इंटरनेटवाल्याकडून खात्री करून घ्या.

स्कॅन स्वच्छ आला, तरी घरात कुणी क्रॅक चालवला असेल तर इथे थांबू नका. चोर माल घेऊन निघून गेलेला असू शकतो. अपडेट केलेला, भरवशाचा फोन घ्या आणि त्यावरूनच पासवर्ड बदला, आधी ईमेलचा, मग बँकेचा. सोबत 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' जरूर करा. चोरलेल्या कुकीने पासवर्ड किंवा ओटीपी न विचारताच खात्यात शिरता येतं, म्हणून ही पायरी वगळू नका. टू-स्टेप व्हेरिफिकेशनही चालू करा.

स्कॅनमध्ये पासवर्ड चोरणारं काही सापडलं, तर मी सरळ विंडोज नव्याने टाकायला सांगेन. फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्या, इन्स्टॉलर फाइल मात्र सोबत नेऊ नका. नंतर मुलांना अ‍ॅडमिन नसलेलं साधं खातं काढून द्या. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा जमत असेल तर 11 वर जा.

सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवर बॉट (मशीनचा ताबा दुसऱ्याकडे देणारं मालवेअर) काढण्याची मोफत टूल्स मिळतात. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी बँकेला कळवा आणि लगेच 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा, साफसफाई नंतर.